कॉम्प्युटर गप्प बसावा म्हणून

मी तालुक्याच्या गावी कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करते. आज ज्या विषयावर बोलणार आहे तो ऐकून काहीजणी म्हणतील, “हे काय बायांच्या कामाचं?” पण जरा थांबा. आज कितीतरी गटांकडे कॉम्प्युटर आहे. कुणी त्यावर बचतीचा हिशेब ठेवतं, कुणी मसाल्याच्या पाकिटांची लेबलं काढतं, कुणी अर्ज भरून देतं. आणि काही गट आता त्यावर आवाज रेकॉर्ड करायला लागले आहेत. कुणाची गाणी, कुणाच्या औषधी पाल्याची माहिती, कुणाचं रेडिओवरचं भाषण.

या शेवटच्या कामाला कॉम्प्युटर शांत लागतो. हिशेब करताना तो घरघरला तरी बिघडत नाही. पण माइक फार चोखंदळ असतो. आपल्या कानाला सवयीनं ऐकू न येणारी घरघर तो बरोबर टिपतो.

एका गटानं जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या. म्हणणाऱ्या आजी ऐंशीच्या पुढच्या होत्या. आवाज खणखणीत, एका बैठकीत चाळीस-पन्नास ओव्या म्हटल्या. फाइल माझ्याकडे आली तेव्हा ओव्यांच्या मागे सारखं घों घों चाललेलं. मशीनमधला जुना पंखा. असा आवाज नंतर थोडाफार पुसता येतो, पण पुसताना माणसाच्या आवाजाचाही काही भाग खरवडला जातो. पुन्हा रेकॉर्ड करू म्हटलं, तर मधल्या काळात आजी गेल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून बायांच्या लाखाच्या वर ओव्या जमवल्या. ते काम आज आपल्याला ऐकायला, वाचायला मिळतं, कारण ते वेळेवर झालं. आपल्या गावातलं काम आपण करतोय तर ते नीट व्हावं, एवढंच माझं म्हणणं.

आता आवाज येतो कुठून ते पाहू. कॉम्प्युटरमध्ये सतत फिरणाऱ्या वस्तू मुख्यतः दोनच, पंखे आणि जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क. डिस्कवर सोपा उपाय आहे. तिच्या जागी एसएसडी बसवली की त्यात फिरणारं काहीच नसतं. राहिले पंखे. पंखा फिरतो उष्णता बाहेर काढायला. उष्णता जास्त, तर पंखा जोरात, म्हणजे आवाज जास्त. म्हणून पंख्याशी भांडण्याआधी उष्णता कमी करायची.

आणि इथे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते विजेच्या डबीकडे. कॅबिनेटच्या मागे जिथे जाड वायर खोचतो, ती लोखंडी डबी. तिला दुकानात एसएमपीएस म्हणतात, कुणी पॉवर सप्लाय म्हणतं. घरात येते ती २३० व्होल्टची वीज. कॉम्प्युटरला लागते १२, ५ आणि ३.३ व्होल्टची. ही बदलाबदल डबी करते. तिच्यातून निघालेल्या वायरी जातात मदरबोर्डला. मदरबोर्ड म्हणजे तो मोठा हिरवा किंवा काळा पत्रा, ज्यावर बाकी सगळं बसतं. डबी आणि बोर्ड यांची जोडी जमली तर मशीन थंड आणि गप्प चालतं. नाही जमली तर एक तर चालू होत नाही, नाहीतर चालतं आणि घरघरतं, आणि कधी कधी धूर निघतो. गटाचे पैसे बुडतात ते इथे.

ही जोडी तीन गोष्टींत जुळवायची. पिना, माप आणि वॅट.

पहिली गोष्ट पिनांची. आजच्या साध्या बोर्डावर विजेचे दोन सॉकेट असतात. एक लांबडं, २४ पिनांचं. दुसरं लहान, ४ किंवा ८ पिनांचं, प्रोसेसरच्या जवळ. दोन्हींत प्लग बसलाच पाहिजे. नुसतं मोठं लावलं आणि लहान राहिलं, तर पंखा फिरतो पण पडद्यावर काही येत नाही, आणि आपण समजतो बोर्ड जळाला. फार जुन्या डब्यांना मोठा प्लग २० पिनांचा असायचा. आता बहुतेक डब्यांना २० अधिक ४ असा जोडता-सोडता येणारा प्लग येतो, तो दोन्हीकडे चालतो.

प्लगच्या टोकाकडे निरखून पाहा. काही पिनांची घरं चौकोनी असतात, काहींचे कोपरे कापलेले. कुलूप-किल्लीसारखी ती खूण आहे, उलटा प्लग जाऊ नये म्हणून. एका बाजूला खिटी असते, ती टक् करून बसते. जोर लावावा लागतोय असं वाटलं की हात थांबवायचा. विशेष म्हणजे ८ पिनांचे प्लग दोन जातींचे असतात. एक प्रोसेसरचा, दुसरा ग्राफिक कार्डचा. दिसायला सख्ख्या बहिणी, पण आतली वीज उलटसुलट. प्रोसेसरचा बहुधा ४ अधिक ४ असा फुटतो, ग्राफिकचा ६ अधिक २ असा. एकाच्या जागी दुसरा दाबून बसवला तर बोर्ड जाऊ शकतो.

आता सगळ्यात मोठी अडचण सांगते. आपल्याकडे गट बहुधा जुनं ऑफिसचं मशीन घेतात. मोठ्या कंपन्यांची ही मशीन दणकट असतात, स्वस्त मिळतात. पण त्यांतल्या पुष्कळ मशीनचा बोर्ड आणि डबी त्या कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीची असते. मोठं सॉकेट २४ ऐवजी ६, ८, १० किंवा १४ पिनांचं. बाजारातली शांत, चांगली डबी आणली तरी तिचा प्लग तिथे बसणारच नाही. काही मशीनला जोडवायर मिळते, काहींना मिळत नाही. त्याहून वाईट म्हणजे काही फार जुन्या मशीनमध्ये प्लग हुबेहूब नेहमीसारखा, आणि आतल्या वायरींचा क्रम मात्र वेगळा असायचा. प्लग बसतो आणि बोर्ड जळतो. म्हणून जुनं कंपनीचं मशीन घेताना झाकण उघडून मोठ्या सॉकेटच्या पिना मोजायच्या. बारा-बाराच्या दोन ओळी असतील तर पुढचा रस्ता मोकळा आहे. नसतील तर हे मशीन पुढे बदलता येणार नाही असं धरून किंमत ठरवायची.

दुसरी गोष्ट मापाची. नेहमीच्या डबीला एटीएक्स म्हणतात. ती १५० मिलिमीटर रुंद आणि ८६ उंच असते, लांबी साधारण १४० पासून पुढे. तिच्यात १२० मिलिमीटरचा मोठा पंखा मावतो. बारक्या कॅबिनेटमध्ये एसएफएक्स नावाची लहान डबी लागते, १२५ रुंद आणि साडेत्रेसष्ट उंच. अगदी सडपातळ कॅबिनेटमध्ये टीएफएक्स नावाची लांबडी डबी जाते, ८५ रुंद आणि ६५ उंच. तिच्यात पंखा लहानच बसतो.

याचा आवाजाशी संबंध काय? घरातलं उदाहरण घ्या. सुपानं धान्य पाखडताना सूप मोठं असलं तर हात सावकाश चालवूनही वारा पुरतो. सूप लहान असलं तर हात भराभर मारावा लागतो. पंख्याचं तसंच. मोठा पंखा सावकाश फिरून तेवढीच हवा काढतो आणि आवाज कमी करतो. लहान पंखा तेवढ्या हवेसाठी किंचाळतो. टेबलावर जागा असेल तर छोट्या, दिसायला गोड कॅबिनेटच्या मोहात पडू नका. मध्यम आकाराचं, पुढून आणि मागून जाळी असलेलं कॅबिनेट घ्या. बोर्डाचंही माप असतं. मायक्रो एटीएक्स बोर्ड २४४ बाय २४४ मिलिमीटरचा, मिनी आयटीएक्स १७० बाय १७० चा. मोठ्या कॅबिनेटमध्ये लहान बोर्ड बसतो, लहान कॅबिनेटमध्ये मोठा नाही.

तिसरी गोष्ट वॅटची, आणि इथेच फसवणूक होते. दुकानात स्वस्त कॅबिनेट घेतलं की त्यात डबी फुकट येते आणि वर लिहिलेलं असतं ४५० वॅट. त्या आकड्यावर जाऊ नका. डबीच्या अंगावर एक तक्ता चिकटवलेला असतो, तो वाचा. त्यात १२ व्होल्टच्या समोर किती अँपिअर लिहिलेत ते पाहा. आजच्या मशीनचं बहुतेक काम १२ व्होल्टवर चालतं. गुणाकार सोपा आहे. १२ व्होल्ट, १८ अँपिअर, म्हणजे २१६ वॅट. वर मोठ्या अक्षरात ४५० असलं तरी कामाची ताकद २१६ चीच. जिथे ३० अँपिअर लिहिलंय तिथे ३६० वॅट. तक्ताच नसेल तर ती डबी घ्यायची नाही.

मग आपल्याला लागतात किती? ग्राफिक कार्ड नसलेलं साधं मशीन धरा. प्रोसेसर ६५ वॅटचा, तोही काही क्षण त्याहून जास्त ओढतो. बोर्ड, मेमरी, एसएसडी, पंखे मिळून आणखी थोडे. चांगल्या प्रतीची खरी ३०० वॅटची डबी त्याला भरपूर झाली. ग्राफिक कार्ड टाळता येतं, फक्त प्रोसेसर घेताना एक पाहा. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ अक्षर असतं, त्याच्यात पडद्यावर चित्र दाखवायची सोय नसते. तो घेतला की कार्ड घ्यावं लागतं, आणि कार्डाबरोबर बहुधा आणखी एक पंखा येतो.

वॅटइतकंच महत्त्वाचं आहे ते डबी किती वीज वाया घालवते. समजा, मशीनला ६० वॅट लागताहेत. डबी ७० टक्के कार्यक्षम असेल तर ती भिंतीतून ८६ वॅट ओढते आणि वरचे २६ वॅट उष्णता म्हणून सोडते. तीच डबी ९० टक्क्यांची असेल तर ६७ वॅट ओढते, आणि उष्णता फक्त ७ वॅटची. दोन्ही मशीन काम तेवढंच करतात. एकीत निखारा ठेवलाय, दुसरीत राख. दुसरीचा पंखा सावकाश फिरतो, आणि वीजबिलही उतरतं. हे ओळखायला डबीवर ‘८० प्लस’ अशी खूण शोधा. भार पाचव्या हिश्श्याचा असो, अर्धा असो की पूर्ण, ८० टक्के तरी वीज कामी येईल असा तिचा अर्थ. तिच्यावर ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा चढत्या पायऱ्या आहेत. गोल्ड म्हणजे अर्ध्या भाराला ९० च्या आसपास. काही चांगल्या डब्यांत भार कमी असताना पंखा फिरतच नाही. रेकॉर्डिंगच्या खोलीला त्यासारखी डबी नाही. मात्र ७५० वॅटची दांडगी डबी घेऊ नका. फार कमी भारावर तिची कार्यक्षमता घसरते. दोन माणसांच्या भाताला लग्नातलं पातेलं चढवू नये, तसंच ते.

याशिवाय एक वेगळी वाट आहे. काही लहान बोर्डांना डबी लागतच नाही. लॅपटॉपला असतो तसा अॅडॅप्टर बाहेरून थेट बोर्डाला लावायचा. मशीनच्या पोटात विजेचा पंखाच नाही, म्हणजे एक आवाज मुळातून गेला. पण इथेही जोडी जुळवायची आहेच. कुठला बोर्ड १२ व्होल्टचा असतो, कुठला १९ चा. बोर्डाच्या पुस्तिकेत असेल तेवढेच व्होल्ट अॅडॅप्टरवर पाहिजेत, आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त. पिन बसली म्हणजे जमलं असं समजू नका. घरातल्या जुन्या लॅपटॉपचा अॅडॅप्टर नुसता लावून पाहायचा नाही.

डबी जमली, आता बोर्डाकडून काय हवं ते सांगते. पंख्याचा वेग उष्णतेप्रमाणे कमी-जास्त करायची सोय बोर्डात असते. बोर्डावर पंख्यासाठी ३ किंवा ४ पिनांचे छोटे सॉकेट असतात. ४ पिनांचा पंखा ४ पिनांच्याच जागी लावला तर बोर्ड त्याचा वेग नीट सांभाळतो. पंख्याला थेट डबीची वायर दिली, तर तो रात्रंदिवस पूर्ण वेगानं फिरतो. बरीच मशीन केवळ एवढ्यामुळे ओरडत असतात. मशीन सुरू होताना जो सेटिंगचा पडदा येतो, त्यात पंख्यासाठी ‘सायलेंट’ असा पर्याय पुष्कळदा असतो. जोडणाऱ्या दादांना तो निवडायला सांगा. कॅबिनेटला मागे एक आणि पुढे एक असे दोन मोठे पंखे पुरतात. आवाज कमी करताना नेहमी सगळ्यात जोरात ओरडणाऱ्याला आधी धरायचं. एकसारखे दोन पंखे असतील आणि त्यांतला एक बंद केला, तरी आवाज फक्त ३ डेसिबलनं उतरतो. कानाला जेमतेम फरक कळतो.

आता आपल्या गावच्या लाइटीबद्दल. संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं, मध्येच जातं. म्हणून यूपीएस लागतो. यूपीएसवर ६०० व्हीए लिहिलेलं असलं तर तो साधारण ३६० वॅटच देतो, हे लक्षात ठेवा. काही साधे यूपीएस आणि जुने इन्व्हर्टर जी वीज देतात, तिची लहर ओबडधोबड असते. काही नव्या चांगल्या डब्यांना ती मानवत नाही, लाइट गेल्या क्षणी मशीन बंद पडतं. म्हणून दोन्ही एकत्र लावून, मेन स्विच पाडून, दुकानातच पाहा. आणि मोठ्या यूपीएसला स्वतःचा पंखा असतो. तो माइकपासून लांब ठेवा.

अर्थिंग नसेल तर पंखे कितीही शांत असू द्या, रेकॉर्डिंगमध्ये बारीक ‘हंऽऽ’ असा सूर येऊ शकतो. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, तिचाच तो सूर. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थिंग गेलंय असं समजा. तसं असेल तर आधी वायरमन बोलवा, बाकी सगळं नंतर. हा आवाजाचा नाही, जिवाचा प्रश्न आहे.

जिवाचंच आणखी थोडं. विजेची डबी कधीही उघडायची नाही. प्लग काढला तरी तिच्या पोटात सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास वीज काही वेळ साठून राहू शकते. धूळ साफ करायची ती बाहेरूनच, वायर काढून, मऊ ब्रशनं. जुन्या डबीच्या मागे छोटं लाल बटण असतं, ११५ आणि २३० असं. ते २३० वर आहे ना हे चालू करण्याआधी पाहा. ११५ वर राहिलं तर डबी फटकन उडते. आणि आवाज दाबायला मशीनवर गोधडी किंवा टॉवेल टाकू नका. हवा कोंडते, उष्णता वाढते, पंखा आणखी जोरात फिरतो.

काही खर्च न करता होणारी गोष्ट म्हणजे मशीन माइकपासून दूर नेणं. ते जमिनीवर, दाराआड ठेवा. साधी यूएसबी वायर ५ मीटरपर्यंत चालते, तेवढ्यात पुष्कळ फरक पडतो. गोधडी वापरायचीच तर बोलणाऱ्याच्या मागच्या भिंतीवर टांगा. तिथे ती घुमणारा आवाज खाते.

दुकानात जाताना या गोष्टी कागदावर लिहून न्या. बोर्डाच्या मोठ्या सॉकेटला पिना किती? प्रोसेसरजवळच्या सॉकेटला किती, आणि त्याचा प्लग या डबीला आहे का? डबीचं माप कॅबिनेटला बसतं का? १२ व्होल्टला अँपिअर किती? ८० प्लसची खूण आहे का? पंखे ४ पिनांचे आहेत का? दुकान मुंबईत लॅमिंग्टन रोडवरचं असो की आपल्या तालुक्याच्या एसटी स्टँडमागचं, प्रश्न हेच. जो दुकानदार तक्ता दाखवून उत्तर देतो त्याच्याकडून घ्या. “ताई, तुम्हाला काय करायचंय त्यातलं?” असं जो म्हणतो, त्याला नमस्कार करून पुढच्या दुकानात जा. पैसे गटाचे आहेत, विचारायचा हक्कही गटाचा आहे. बिल पक्कं घ्या आणि त्यावर डबीचं नाव, मॉडेल, वॅट लिहून घ्या. नाहीतर बिलावर नुसतं ‘कॉम्प्युटर १ नग’ असतं, आणि उद्या वॉरंटी कशाची मागणार?

पैसे देण्याआधी एक परीक्षा घ्या. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करायची सोय असते. मशीनपासून दोन हात लांब मोबाइल ठेवा. मशीन बंद असताना एक मिनिट रेकॉर्ड करा, कुणी बोलायचं नाही. मग मशीन सुरू करून, अर्धा तास चालू देऊन, पुन्हा एक मिनिट. थंड मशीन सगळीच शांत असतात, म्हणून अर्धा तास थांबा. दुकानात गजबज असेल तर सकाळी दुकान उघडताच जा. दोन्ही रेकॉर्डिंग कानात हेडफोन घालून ऐका. फरक फारसा कळला नाही तर मशीन पास. पुढे दर सहा महिन्यांनी हीच परीक्षा घरी घ्या. घरघर वाढलेली ऐकू आली की समजा, जाळीत धूळ बसली किंवा पंख्याचं बेअरिंग झिजलं.

मैत्रिणींनो, ज्यांच्या गटात हे काम चालू आहे त्यांनी शेवटची एक गोष्ट ऐका. मशीन जुळवायला पंधरा दिवस लागोत, महिना लागो, पण म्हाताऱ्या माणसांना तेवढं थांबवू नका. तोवर मोबाइलवर रेकॉर्ड करा, कॉम्प्युटर बंद ठेवून, पंखा बंद करून, दार लावून. तुमचे प्रश्न आपल्या रेडिओकडे पाठवा. जुन्या मशीनचं झाकण उघडून पिना मोजल्या असतील तर तो आकडाही लिहा, म्हणजे मला नेमकं उत्तर देता येईल.